कीबोर्ड नाही, एफ-वन दाबा

काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत आलं होतं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायचं असल्यास एफ-वन दाबा. मी ते पुन्हा वाचलं. मग पुढ्यातल्या कीबोर्डकडे पाहिलं. पाटासारखा जड, वापरून वापरून पिवळट पडलेला. मला तो धडधडीत दिसत होता आणि कॉम्प्युटरला दिसत नव्हता. बरं, नसेल दिसत. पण जो नाहीच म्हणतोस, त्याच्यावरचं बटण दाबायला मला कोणत्या तोंडाने सांगतोस?

“मेल्या, आधी स्वतः शुद्धीवर ये,” मी म्हणाले.

आतून नवऱ्याने विचारलं, “अगं, कोण आलंय?”

“कुणी नाही. तुमच्या पुतण्याने आणलेल्या पाहुण्याशी बोलतेय.”

तरीही मी एफ-वन दाबलं. काही झालं नाही, होणारही नव्हतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही दोघं मूळचे बेळगावकडचे. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे बंगळूरला आलो आणि मल्लेश्वरममध्ये एका भाड्याच्या घरात रुजलो. त्या घराच्या पुढच्या खोलीत मी टायपिंगची कामं करायचे. आसपासच्या संस्थांमध्ये संशोधन करणारी मुलं-मुली हाताने लिहिलेले प्रबंध घेऊन यायची. मी ते टाइप करायचे, वर त्यांची स्पेलिंगं आणि कधीकधी त्यांची वाक्यंही सरळ करून द्यायचे. आधी टाइपरायटर होता, मग कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला. फाटकावर कन्नड आणि इंग्रजीत छोटा बोर्ड होता. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, “तिचं आपलं काहीतरी चालू असतं,” आणि हसायचे. मायेने हसायचे, हे मला कळत होतं. तरी मला ते हसू कधी आवडलं नाही. ह्यांच्या बँकेबद्दल मी कधी पाहुण्यांना असं सांगितलं नव्हतं.

तो कीबोर्ड त्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर आला होता. हल्लीच्या कीबोर्डवर एफ-वन, एफ-टू ही बटणं वर आडवी असतात; माझ्या कीबोर्डवर ती डाव्या हाताला उभी होती. आणि कंट्रोलचं बटण होतं थेट ‘ए’ अक्षराच्या शेजारी, करंगळी जरा सरकवली की हाताखाली. मी ज्या प्रोग्रॅममध्ये लिहायचे तो सगळा कंट्रोलवर चालायचा. कंट्रोल धरून के आणि एस दाबलं की काम साठवलं जायचं, दुसरी अक्षरं दाबली की शब्द शोधला जायचा, ओळ पुसली जायची. माउस नावाचा प्राणी माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. माझी डावी करंगळी इतकी वर्षं तिथेच जाऊन बसली होती. स्वयंपाकघरात अंधारातही हात मिठाच्या डब्यावरच जातो, तसं.

त्या वर्षी खंडेनवमीनंतरच्या दसऱ्याला आम्ही मुहूर्ताने कॉम्प्युटर लावला आणि आतून जळका वास आला. सणाची रोषणाई, रस्ताभर मांडव, विजेचा दाब कधी वर कधी खाली. जुना कॉम्प्युटर गेला तो गेलाच.

ह्यांचा पुतण्या नुकताच पुण्याहून बंगळूरला नोकरीला आला होता. सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. मुलगा मनाचा चांगला, फक्त जगातल्या सगळ्या जुन्या वस्तूंवर त्याचा वैयक्तिक राग होता. त्याने उत्साहाने सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर जोडून दिला. सोबत नवा कीबोर्ड, हलका, पापडासारखा. जोराने टाइप केलं की टेबलावरून पुढे पुढे पळायचा.

“काकू, आता तुम्ही एकदम लेटेस्ट झालात,” तो म्हणाला.

लेटेस्ट झालेल्या काकूंनी दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं. त्या वेळी माझ्याकडे शिमोग्याकडच्या एका मुलीचा प्रबंध होता. विषय भातशेतीतल्या गोगलगायी. मुलगी गरीब स्वभावाची आणि अक्षर असं की तिच्याच गोगलगायी कागदावरून चालत गेल्या असाव्यात. ते अक्षर वाचायला शिकण्यातच माझा एक पावसाळा गेला होता. पहिली दोन प्रकरणं फ्लॉपीवर होती म्हणून वाचली, बाकीची व्हायची होती आणि प्रबंध द्यायची तिची तारीख जवळ आली होती.

नव्या कीबोर्डवर ‘ए’च्या शेजारी कंट्रोल नव्हता. तिथे कॅप्स लॉक होता, आणि कंट्रोल दूर खालच्या कोपऱ्यात नेऊन टाकला होता. माझी करंगळी सवयीने जुन्या जागी जायची. काम साठवायला गेले की मजकुरात ‘केएस’ अशी अक्षरं उमटायची आणि पुढची सगळी गोगलगाय मोठ्या अक्षरांत किंचाळायला लागायची. खाली बघून टाइप करायचं म्हटलं तर वेग गेला. वेगाने करायचं म्हटलं तर पानभर कचरा. आधी एका बैठकीत एक प्रकरण उठायचं. आता एक पान करताना नाकी नऊ आले. त्या पानातही ‘केएस’ कुठे कुठे दडून राहिले होते.

“सवय होईल,” पुतण्या म्हणाला.

“कधी? तिची तारीख होऊन गेल्यावर?”

“मग काकू, खरं सांगू? हे काम टायपिंग सेंटरवर द्या ना. संपिगे रोडवर ढिगाने सेंटर्स झालीत. ती मुलं दोन दिवसांत उरकून टाकतील. आणि तसंही आता स्टुडंट्स स्वतःच टाइप करतात. तुम्ही कशाला एवढा स्ट्रेस घेता? जरा आराम करा.”

आराम करा. हे दोन शब्द बायकांना कधी सांगतात, ते मी बरोबर ओळखते. आजारी असताना नाही सांगत. घरात चार पाहुणे असताना नाही सांगत. ज्या कामावर आपलं नाव लागतं, नेमकं त्या कामाच्या वेळी सगळ्यांना आपल्या तब्येतीची काळजी वाटायला लागते. मी त्याला म्हणाले, “मला माझा कीबोर्ड या डब्याला जोडून दे. आरामाचं मी बघते.”

पण जोडायचा कसा? जुन्या कीबोर्डच्या वायरीचं टोक जाड, गोल, अंगठ्याएवढं. नव्या कॉम्प्युटरचं भोक करंगळीएवढं. पुतण्यानेच नाइलाजाने सांगितलं की मध्ये लावायचा एक अडॉप्टर मिळतो. एका बाजूने जाड टोक आत घालायचं, दुसऱ्या बाजूने बारीक टोक बाहेर येतं. “पण काकू, कशाला,” असं पुढे त्याने म्हटलंच. मी तोवर पिशवी घेतली होती.

चिकपेटला साड्यांसाठी मी कितीदा गेले असेन, पण त्याच्या पलीकडे एस. पी. रोडला, जिथे वायरी, पंप आणि कॉम्प्युटरचे भाग एकाच ढिगात विकतात, तिथे पहिल्यांदाच गेले. मॅजेस्टिकला बस सोडून चालत. त्या गल्लीत त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून दुसरी बाई मला दिसली नाही. प्रत्येक दुकानदार आधी माझ्या मागे बघायचा, माझ्याबरोबर आलेला पुरुष कुठे आहे म्हणून. एकाने तर विचारलंच, “सर कुठे आहेत?” मी म्हटलं, सर बँकेत आहेत, त्यांना अडॉप्टर नकोय, मला हवाय. शेवटी एका चिंचोळ्या दुकानात मिळाला. सुपारीपेक्षा जरा मोठा, राखाडी. घरी आणला, कॉम्प्युटर बंद करून जोडला, चालू केला.

आणि मग ते: कीबोर्ड सापडत नाही, एफ-वन दाबा.

रविवारी पुतण्या आला. त्याने अडॉप्टर काढला, फुंकला, लावला. कॉम्प्युटर बंद, चालू. तेच. वायर हलवून बघितली. तेच. नवा कीबोर्ड लावला, लगेच चालला. पुन्हा माझा लावला, सापडत नाही. मग त्याने कीबोर्ड उचलून पालथा केला, मागे बघितलं, सुलटा केला आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसा आवाज काढला.

“काकू, हा गेला. ज्या व्होल्टेजने सीपीयू उडाला, त्यानेच हाही उडवला असणार. एकाच वायरीवर होते ना दोघं.”

“दसऱ्याच्या आधी हा एक दिवसही कुरकुरला नाही.”

“सीपीयू तरी कुठे कुरकुरला होता?”

मी हार मानली नाही. म्हणाले, “मग अडॉप्टर खराब असेल. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नकोस.” नवरा भात कालवता कालवता म्हणाला, “अगं, ऐकावं की कधी दुसऱ्याचं. तो शिकलाय त्यातलं.” मी त्यांच्या पानात वाढायची आमटी परत पातेल्यात ओतली. मग वाढली. पण आधी परत ओतली.

एक मात्र मला त्या जेवणात स्पष्ट कळलं. हा वाद कीबोर्डचा राहिला नव्हता. तो चालला नाही तर गोगलगायीवाल्या मुलीचं काम माझ्या हातून जाणार. ते गेलं की “सवय होईपर्यंत” पुढचं घेऊ नको, असं म्हणणार. आणि मग पुढच्या खोलीत एक दिवाण टाकतील आणि फाटकावरचा बोर्ड कुणीतरी रंग देताना उतरवेल, पुन्हा लावायला विसरेल. कुणी मला बंद कर म्हणणार नाही. ते आपोआप बंद होईल. त्या आपोआपची मला चीड होती.

दोन दिवसांनी मी कीबोर्डच जुन्या चादरीत गुंडाळला आणि पुन्हा एस. पी. रोड गाठला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, “अक्का, हार्मोनियमा?” मी म्हटलं, हो, हार्मोनियम, स्वल्प बाजूला सरका.

अडॉप्टरवाल्या दुकानदाराने माझं म्हणणं निमूट ऐकून घेतलं. मग त्याने त्याच्या ढिगातून तसाच एक जाड टोकाचा जुना कीबोर्ड काढला, माझ्या अडॉप्टरला लावला आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडला. चालला. मग माझा लावला. सापडत नाही. त्यानेही माझा कीबोर्ड पालथा केला. मागे वाळलेलं गंध होतं, खंडेनवमीच्या पूजेचं, त्यावर कुंकू. त्याने बोटाने त्याला स्पर्श केला, ते बोट आपल्या कपाळाला लावलं आणि कीबोर्ड अलगद सुलटा करून माझ्यापुढे ठेवला.

“अडॉप्टर सरी इदे, अक्का. कीबोर्डे होगिदे.” अडॉप्टर ठीक आहे, कीबोर्डच गेलाय. “पूजेचा आहे. घरात ठेवा, टाकू नका.”

म्हणजे संन्यासी अडॉप्टरच निघाला, तो निर्दोष सुटला होता आणि चोर माझ्या मांडीवर होता. परतीच्या बसमध्ये कुणी हार्मोनियम म्हणालं असतं तर मी रडले असते. कुणी म्हणालं नाही.

घरी आले तर टेबल रिकामं होतं. म्हणजे कॉम्प्युटर होता. त्याच्या शेजारी, टाइप करताना कागद उभा लावायच्या माझ्या लाकडी स्टँडखाली गोगलगायीच्या प्रबंधाची जी चळत होती, ती नव्हती.

“ती मुलगी येऊन गेली,” नवरा म्हणाला. ते त्या दिवशी बँकेतून लवकर आले होते. “बिचारी घाबरली होती तारखेमुळे. मी कागद देऊन टाकले. म्हटलं, मॅडमनी आता बंद केलंय, तू सेंटरवर दे.”

“मी बंद केलंय असं सांगितलंत?”

“अगं, म्हणजे... तुला त्रास नको म्हणून. तिचंही अडायला नको.”

“मी बंद केलंय?”

“किती चिडतेस. मी काय वाईट केलं?”

वाईट केलं नव्हतं. हाच तर घोळ होता. दारात एक घाबरलेली मुलगी उभी होती, कीबोर्ड मेलेला होता, त्यांनी दोन आणि दोन चार केले. फक्त त्या बेरजेत मी कुठे नव्हते. एवढी वर्षं रोज त्या खुर्चीत बसणारी बाई बाजारात गेलेली असताना तिचं दुकान बंद झाल्याचं तिच्या नवऱ्याने जाहीर केलं आणि वर चहा ठेवू का विचारलं. मला राग आला, नुसता राग नाही, अपमान वाटला. त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, “अपमान कसला त्यात?” आणि खरोखर न कळून माझ्याकडे बघत राहिले. मी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेल्यावर मी कीबोर्ड मांडीवर घेऊन पुढच्या पायरीवर बसले. चालू होईल अशी आशा होती म्हणून नव्हे. तो टाकायचा की नाही, हे मला ठरवायचं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. आणि बसल्या बसल्या डोक्यात तेच दळण: पुतण्या म्हणतो विजेने मेला. विजेने मेला हे ठरवलं कुणी? दसऱ्याला जुना कॉम्प्युटर लावला तेव्हा तो चालू होण्याआधीच जळला. म्हणजे त्या दिवशी कीबोर्ड जिवंत होता की मेलेला, हे कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटचा तो चालताना मी पाहिला खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. तेव्हा टकाटक चालत होता. मग मधल्या दिवशी काय झालं?

मधल्या दिवशी पूजा झाली.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो; बंगळुरात तर बसला, लिफ्टला, इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीलासुद्धा हार असतो. आमच्या घरी ते काम नवरा भक्तिभावाने करतो. स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, कॉम्प्युटर. आदल्या दिवशी सगळं घासायचं काम अर्थात माझं. त्या वर्षी मी संध्याकाळी काम आटोपल्यावर कीबोर्ड पालथा घालून कपडे धुवायच्या ब्रशने मागून खसाखसा घासला होता. आणि ह्यांनी, बटणांच्या फटींत गंध जाऊ नये एवढी काळजी घेऊन, पुढे न लावता मागेच गंधाचा मोठा ठसठशीत ठिपका लावला होता. पूजेचं गंध आमच्याकडे कुणी पुसत नाही. आपोआप झडतं ते झडतं. ह्यांच्या स्कूटरवर गेल्या वर्षीचं कुंकू अजून होतं.

मी कीबोर्ड पालथा केला. पुतण्याने पालथा केला होता, दुकानदाराने केला होता. देवाचं म्हणून एकाने त्या ठिपक्याला हातच लावला नाही, दुसऱ्याने लावला तो नमस्कारापुरता. मीही इतके दिवस त्याला वळसाच घालत होते. आता नीट बघितलं तर ठिपका सपाट नव्हता. मधोमध किंचित खोलगट होता, आत काहीतरी असल्यासारखा.

तेवढ्यात नवरा परत आला. चष्मा विसरला होता म्हणून. मी न्हाणीघरातून ब्रश आणि चमच्याचा दांडा आणून पायरीवर खरवडायला बसले होते.

“अगं, काय करतेस! देवाचं गंध आहे ते. असं खरवडतात का?”

“देवाने कीबोर्ड पालथा घालून गंध मागितलं नव्हतं.”

“अगं पण सण...”

“सण झाला. कार्तिक लागला. चष्मा टीव्हीवर आहे.”

ते गेले नाहीत. दारात उभे राहिले. मी खरवडत राहिले. चंदन सुटलं, त्याच्याखालचा चिकट थर सुटला आणि एका चौकोनी खाचेत नखाएवढा खटका दिसला. काळा, सरकता. एका बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं एक्स टी, दुसऱ्या बाजूला ए टी. खटका एक्स टीकडे होता. पुतण्याने कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं आठवलं, की फार जुन्या कॉम्प्युटरांची जात वेगळी, त्यांना एक्स टी म्हणायचे, नंतरचे सगळे ए टी; दोघांचे कीबोर्डही वेगळे बोलायचे. टोक तेच, भाषा निराळी. म्हणजे हा कीबोर्ड दोन्ही बोलणारा होता, बेळगावच्या माणसासारखा. आणि माझ्या ब्रशने त्याला नको त्या भाषेत ढकललं होतं, आणि ह्यांच्या गंधाने वरून शिक्का मारला होता.

मी चमच्याच्या दांड्याने खटका दुसऱ्या बाजूला नेला. टक्.

आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला, अडॉप्टरमधून कीबोर्ड जोडला, चालू केला. तो ‘सापडत नाही’ काही म्हणाला नाही. माझ्या कीबोर्डवरचे बारके दिवे एकदा लुकलुकले. मी प्रोग्रॅम उघडला, करंगळी ‘ए’च्या शेजारी ठेवली आणि रिकामंच पान साठवलं. साठवलं गेलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. ब्रश माझा, गंध त्यांचं. पण यात मी मान खाली घालावी असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चूक झाली होती घासताना. त्या चुकीवरून मला खुर्चीतून उठवायची घाई झाली होती, ती माझी नव्हती.

नवरा माझ्या मागे येऊन उभा होता. “चालला की!” ते म्हणाले. खरंच खूश झाले होते. “छान झालं. बघ, मी म्हटलं नव्हतं...”

“तुम्ही काय म्हटलं होतंत ते मला पाठ आहे,” मी वळून म्हणाले. “मॅडमनी आता बंद केलंय. बरोबर? आता तिच्या हॉस्टेलवर जा आणि तिला सांगा, बंद केलेलं नाही.”

“मी? आत्ता? बँकेत...”

“काल लवकर आला होतात, आज उशिरा जा.”

“तूच जा ना. बायकांचं हॉस्टेल, मी तिथे काय बोलणार?”

“मी बंद केलं असतं तर मी गेले असते.”

मला ठाऊक होतं, ते हसतील, विषय टोलवतील, संध्याकाळी बघू म्हणतील. मी मनात पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. पण ते हसले नाहीत. टीव्हीवरचा चष्मा उचलला, चपला घातल्या आणि फाटक लावून निघून गेले.

मी दुपारपर्यंत वाट पाहिली असं म्हणणार नाही. मी स्वयंपाक केला, कीबोर्डची प्रत्येक फट पुसली, पुतण्याचा पापड खोक्यात भरून कपाटावर टाकला. जेवायची वेळ टळली. मग फाटक वाजलं. त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि काखेत कापडी पिशवी होती. तिच्यातून गोगलगायीच्या अक्षरांची चळत बाहेर डोकावत होती.

“तिने संपिगे रोडच्या सेंटरवर दिले होते कागद,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “तिला घेऊन तिकडे गेलो. त्यांनी सुरुवातसुद्धा केली नव्हती, अक्षरच लागत नव्हतं त्यांना. मालक परत द्यायला कुरकुर करत होता. बसलो तिथेच बाकावर.”

“आणि तिला काय सांगितलंत?”

ते चष्मा पुसायला लागले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“सांगितलं, मॅडमनी बंद केलेलं नाही. मीच बोललो होतो तसं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिने विचारलं, मग सर, तुम्ही का बोललात? काय सांगणार? म्हटलं, बाळ, बंद करणारा मी कोण.”

हे त्यांनी खरंच तिला कन्नडमध्ये सांगितलं होतं, की चालत येताना वाटेत माझ्यासाठी जुळवलं, ते मी विचारलं नाही. मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली, “पान वाढून ठेवलंय, जेवून घ्या” म्हटलं, आणि तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं पान स्टँडवर लावलं.